उन्हाळ्याचा हिशेब

(रेडिओवरील भाषण)

एप्रिल-मे महिन्यात वाडीत एखादं वयस्क माणूस दगावलं की आपण चौकशी करतो. उत्तरं ठरलेली असतात. बीपी होतं. दमा होता. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दाखल्यावर डॉक्टर हृदयविकार लिहितात आणि त्यात काही चूक नसते, कारण हृदय खरोखरच बंद पडलेलं असतं. ते नेमकं त्याच दिवशी का बंद पडलं, हे मात्र कोणी विचारत नाही. उकाड्याचं नाव त्या कागदावर येत नाही.

मग उष्णतेने किती माणसं गेली, हे कळायचं कसं? हा प्रश्न धसाला लावणाऱ्या एका डॉक्टरांविषयी आज बोलणार आहे. त्यांचं नाव डॉ. दिलीप मावळंकर. आडनाव ऐकून संगमेश्वरकडच्या मंडळींचे कान टवकारले असतील. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचं घराणं मूळचं संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचं, आणि त्यांची कर्मभूमी अहमदाबाद. डॉ. दिलीप मावळंकर यांचं कामही अहमदाबाद-गांधीनगरचंच.

ते सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक. आधी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक होते, आणि बाळंतपणात होणारे मृत्यू हा तिथे त्यांचा महत्त्वाचा विषय होता. पुढे गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे ते संचालक झाले. मातामृत्यूच्या कामाला एक शिस्त लागते. मृत्यू झाला की त्याची नोंद करायची, उशीर कुठे झाला ते शोधायचं आणि पुढची बाई वाचेल अशी सोय करायची. मला वाटतं, उष्णतेच्या कामातही त्यांनी हीच शिस्त आणली.

२०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबाद भाजून निघालं. २१ मे रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातला हिशेब मावळंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला तो असा. दाखल्यावर उष्माघात लिहिलेले मृत्यू शोधत बसायचं नाही. महापालिकेच्या दप्तरात त्या मे महिन्यात नोंदलेले सगळे मृत्यू घ्यायचे, कारण कोणतंही असो. मग २००९ आणि २०११ या वर्षांतल्या मे महिन्यांशी ते ताडून पाहायचे. एरवी त्या महिन्यात ३,११८ माणसं गेली असती, आणि २०१०च्या मे महिन्यात ४,४६२ गेली. म्हणजे १,३४४ मृत्यू जास्तीचे. या जास्तीच्या मृत्यूंमध्ये हृदयविकार असेल, मूत्रपिंड निकामी होणं असेल, श्वास लागणं असेल. एकेका दाखल्यात जे दिसत नव्हतं, ते सगळे दाखले एकत्र मोजल्यावर लपून राहिलं नाही.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट. अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळं उष्णतेने आजारी पडून दाखल होत होती. तिथल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की पारा ४२ अंशांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक अंशाला अशा बाळांची संख्या सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते. प्रसूती विभाग होता सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली. तो खालच्या मजल्यावर आणला, आणि बाळांचा त्रास कमी झाला. नवं औषध लागलं नाही, यंत्र लागलं नाही. खाटा खाली आणाव्या लागल्या, आणि त्या आणायला हव्यात हे नोंदवह्यांमुळे कळलं.

या अभ्यासातून २०१३ साली अहमदाबाद महापालिकेची उष्णता कृती योजना उभी राहिली. दक्षिण आशियातली ती पहिली मानली जाते. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा, केशरी, लाल असा इशारा द्यायचा, फोनवर संदेश पाठवायचे, पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, दवाखान्यांत बर्फाची तयारी ठेवायची, गरीब वस्त्यांतल्या पत्र्यांना आणि गच्च्यांना पांढरा चुना लावायचा. नंतरच्या अभ्यासात अंदाज निघाला की या योजनेने वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. पुढे नागपुरानेही तो रस्ता धरला.

आता तुम्ही म्हणाल, अहमदाबाद-नागपूरचं ठीक आहे. रत्नागिरीत पारा कुठे ४६ वर जातो? आपल्याला समुद्र आहे.

समुद्र आहे, आणि आपली अडचणही तिथेच आहे. शरीर स्वतःला थंड ठेवतं ते घाम वाळवून. नुसता घाम येऊन भागत नाही, तो उडून जायला हवा. आषाढात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात, तसंच मे महिन्यात आपल्या अंगावरच्या घामाचं होतं. तो वाळत नाही, नुसता निथळतो. आतली उष्णता बाहेर टाकायला हृदय जास्त जोराने रक्त कातडीकडे ढकलतं, पाणी आणि क्षार कमी होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हृदय आधीच दुबळं असेल तर ३७-३८ अंशही पुरतात. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, पण किनाऱ्यावर ३७ पासूनच करतं.

याचा पुरावा आपण पाहिलेला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. कोकणातूनही माणसं मोठ्या संख्येने गेली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. उघड्या उन्हात तासन्‌तास बसलेल्या त्या गर्दीतली १४ माणसं दगावली. ही माणसं एका ठिकाणी, एका दिवशी गेली, म्हणून बातमी झाली. वेगवेगळ्या वाड्यांत, वेगवेगळ्या दुपारी गेलेल्यांची बातमी होत नाही.

आपल्याकडे दुपारी खारं वारं सुटलं की बरं वाटतं. पण काही दिवस पूर्वेकडचं, घाटावरून उतरणारं गरम वारं जोर धरतं, खाऱ्या वाऱ्याला उशीर होतो आणि पारा चढतो. त्या दिवशी बागायतदाराचा जीव खालीवर होतो. कैरी गळते, फळ भाजतं, हापूसमध्ये साका होतो. उष्णतेने आंब्याचं काय होतं हे आपल्याला कलमागणिक ठाऊक आहे. फळपीक विम्यात जास्त तापमानाची भरपाई आहे, आणि ती ठरवायला महसूल मंडळांतून स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. मात्र त्याच बागेत, त्याच दुपारी, झेला घेऊन आंबे उतरवणारा गडी, पेट्या भरणाऱ्या बायका, पलीकडे चिरेखाणीवर चिरे काढणारे कामगार, मिरकरवाड्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बायका, यांचं काय होतं, याचा असा बारीक हिशेब आपण मागत नाही.

तो मांडणं अवघड नाही, हेच मला आज सांगायचं आहे. जन्म-मृत्यूची नोंद कायद्याने सक्तीची आहे. ती प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत होते, तारखेसह, वयासह. आंब्यासाठी मोजलेलं तापमानही तारीखवार मिळतं. या दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवायच्या. किती अंशांनंतर आणि किती दमटपणात आपल्या जिल्ह्यातले मृत्यू वाढतात, हे त्यातून निघेल. अहमदाबादचा आकडा आपल्याला लागू नाही, नागपूरचाही नाही. प्रत्येक ठिकाणाने आपला आकडा आपण काढावा आणि रोजच्या एकूण मृत्यूंवर नजर ठेवावी, हा मावळंकरांचा आग्रहच आहे.

पावसाळ्यालाही हीच रीत लागू पडते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, ते आपण विसरलेलो नाही. असं पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदीर-गुरांच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात, पायाच्या भेगांतून आत शिरतात, आणि ताप येतो पाच ते चौदा दिवसांनी. लावणीच्या दिवसांतही हाच धोका. पावसाची तारीख आणि तापाची तारीख जुळवून पाहिली, तर आरोग्य केंद्राला साथीची चाहूल आधी लागते.

नोंदवहीच्या जोरावर मरण रोखणं कोकणाला नवीनही नाही. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. विंचूदंशाने माणसं पटापट मरत होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, घाम, श्वास टिपत राहिले. त्यातून प्राझोसीन या औषधाचा उपयोग पुढे आला, आणि शंभरातले चाळीसेक मृत्यू एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा या उन्हाळ्यात दोन कामं करू या. पहिलं घरचं. बागेतलं आणि खाणीतलं कष्टाचं काम पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकावं, तहान लागायची वाट न बघता पाणी, पेज, कोकम सरबत घ्यावं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दुपारी एकदा हाक मारावी. कोणी उन्हात बरळू लागलं, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब १०८ ची गाडी बोलवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

दुसरं काम गावचं. पुढच्या ग्रामसभेत एक साधी मागणी ठेवा: गेल्या दहा वर्षांतल्या मार्च ते मे महिन्यांतले मृत्यू तारीखवार काढून आरोग्य केंद्राला द्यावेत. दप्तर गावातच आहे, आणि ते पाहायला मागणं हा आपला हक्क आहे.