रद्दीत गेलेली तबकडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८३ साली आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. त्या वर्षी दादाला नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्याने आईला साडी, वडिलांना छत्री आणि मला एक एलपी आणली. मी तेव्हा घाटकोपरला गाणं शिकायला जात असे. तबकडीवर दहा रागांची नावं दिसली, म्हणून त्याने ती उचलली. चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, एचएमव्हीने १९८२ मध्ये काढलेली.

सुई टेकवली आणि माझा चेहरा पडला. तबला नाही, तानपुरा नाही. धप् धप् धप् धप् असा एकसुरी ठोका आणि त्यावर चक्क ललित! मी दुसरी बाजू लावलीच नाही. ‘‘दादा, ही काय थट्टा आहे?’’ असं म्हणून मोकळा झालो. नवशिक्या माणूस फार सोवळा असतो. दादा काही बोलला नाही. पुढे १९९४ मध्ये बोरिवलीला जागा घेतली, तेव्हा सामान आवरताना ती तबकडी मीच रद्दीवाल्याला दिली.

गेल्या वर्षी दादाचा मुलगा घरी आला आणि मोबाइलवर काहीतरी लावून म्हणाला, ‘‘काका, हे ऐका, मुंबईत झालंय.’’ पहिल्या ठोक्यालाच मी ओळखलं. तो सांगू लागला, जुनी प्रत आता हौशी लोक भारी किंमत देऊन घेतात. दादा समोरच बसला होता. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेलो.

चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवत. ‘कुर्बानी’नंतर सगळीकडे डिस्कोचं वारं होतं. तेव्हा त्यांनी रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतली आणि तबला बाजूला ठेवून राग वाजवून पाहिले. तबकडी फारशी खपली नाही. त्यातलं टीबी-३०३ हे खोकं मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. तेही चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. मग शिकागोतल्या पोरांच्या हाती ते स्वस्तात पडलं. ‘फ्यूचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आली आणि त्या नादाचं ‘ॲसिड हाउस’ असं नाव जगभर झालं. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा तिकडचे लोक चक्रावले. हे पाच वर्षं आधीचं? काहींना तर कुणीतरी केलेली बनवाबनवी वाटली. सिंग २०१५ मध्ये मुंबईतच वारले. त्याआधी युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, एवढं तरी बरं झालं.

पण साहेबांनी वाखाणलं म्हणून मलाही आवडायला लागलं, असं झालं तर त्यात माझं काय? म्हणून त्या रात्री एकटाच बसून दहाही राग ऐकले.

तोडी अजूनही पटत नाही. तोडीचा गंधार कोमलाच्याही खाली उतरतो. तो उतार मला इथे ऐकू येत नाही. पण भूपाली आणि मालकंस ऐकताना मी सावरून बसलो. खालचं खोकं चार-दोन स्वरांची एकच ओळ घोळवत राहतं, मधूनच एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि वर हाताने राग वाजतो. हे मी कुठे ऐकलं होतं? एकल तबल्याच्या मैफलीत पेटीवाला लेहरा धरतो ना, तसं! तिथे लेहरा स्थिर आणि तबला खेळतो. इथे लेहरा आणि ठोका दोन्ही स्थिर, रागच खेळतो. १९८३ मध्ये मी आलापाची वाट बघत बसलो होतो. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत तो कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. लेहऱ्याचं सांगितलं, तबकडीचंही सांगितलं. तो म्हणाला, ‘‘रद्दीत दिलीस ते मला तेव्हाच कळलं होतं. पण दुसरी बाजू ऐकलीस का?’’

आता रविवारी तो येतो, मग आम्ही लावतो. आवाज किती ठेवायचा यावरून अजून वाद होतो. तोडी आली की मी पुढे ढकलतो आणि तो ती परत मागे आणतो.