मनातला प्रयोग आणि हातातला प्रयोग

(हेदवी येथील शिक्षक-सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हेदवीच्या समुद्रकाठी, उमामहेश्वराच्या देवळाजवळ, काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट या घळीत शिरते, आतल्या टोकाशी कोंडते आणि पुढे वाट न मिळाल्यामुळे उंच फवाऱ्याच्या रूपाने वर उसळते. ओहोटीला हीच घळ निमूट पडून असते. परगावचे लोक हे दृश्य पाहावयास मुद्दाम येतात. गावच्या मुलांना मात्र त्याचे फारसे नवल वाटत नाही. जे रोज दिसते त्याविषयी प्रश्न पडत नाही, आणि शाळेला पहिली अडचण येते ती नेमकी इथेच.

अशा मुलांच्या वर्गात एक प्रश्न टाकून पाहावा: ही घळ आहे त्याच्या दुप्पट रुंद असती, तर फवारा अधिक उंच उडाला असता की कमी? वर्गाचे तत्काळ दोन तट पडतील. एक तट म्हणेल, रुंदी वाढली की पाणी अधिक शिरेल, म्हणून फवारा उंच जाईल. दुसरा म्हणेल, पाणी कोंडले तरच उसळते. तोंड रुंद झाले की जोर गेला. नळाच्या तोंडावर बोट धरले की धार लांब जाते, हा पुरावाही कोणी तरी पुढे करील. कातळ फोडून घळ रुंद करणे कोणाच्याच हातचे नाही. मग वाद मिटवावयाचा कसा?

येथे शिक्षकाने उत्तर सांगू नये. घळ मनातल्या मनात ताणावयास सांगावी. ती शंभर पट रुंद झाली असे समजा. आता ती घळ राहिलीच नाही, लहानशी खाडी झाली. तीत लाट येईल, पसरेल आणि परत जाईल. फवारा नाही. आता उलट बाजूने चला. घळ अरुंद करीत करीत पूर्ण बुजवून टाका. लाट कातळावर आपटून शिंतोडे उडतील, पण घळीतून उसळणारा तो फवारा दिसणार नाही. दोन्ही टोकांना फवारा नाही आणि आज प्रत्यक्षात तो आहे. तेव्हा सर्वांत उंच फवारा देणारी रुंदी या दोहोंच्या मध्ये कोठे तरी असली पाहिजे. ‘रुंद तितके उंच’ हे म्हणणे सरसकट खरे नाही आणि ‘अरुंद तितके उंच’ हेही नाही. वर्गातून पाऊल बाहेर न टाकता, एक पैसाही खर्च न करता, एवढे ठरले.

परंतु एवढेच ठरले. ती मधली रुंदी कोणती, हे कितीही डोके खाजविले तरी मनातून निघणार नाही. त्यासाठी मोठी परात घ्यावी, पाणी भरावे, दोन कौलांचे तुकडे चिमट्यासारखे मांडून मधली फट कमी-जास्त करावी आणि फळीने लाट ढकलून पाहावी. परातीतील लाट म्हणजे समुद्राची लाट नव्हे, हेही मुलांना सांगावे. तरीसुद्धा कोणत्या फटीतून पाणी अधिक उसळते ते डोळ्यांना दिसते. मुलांना बामणघळीवर न्यावयाचे झाल्यास ओहोटीलाच न्यावे, पावसाळ्यात नेऊच नये आणि काठापासून दूर उभे करावे. शेवाळलेल्या कातळावर पाय टिकत नाही.

मनातल्या या ताणाताणीला ‘विचारप्रयोग’ असे नाव आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. एखादी परिस्थिती कल्पावयाची, तिला एक नियम लावावयाचा आणि त्या नियमातून काय निष्पन्न होते ते प्रामाणिकपणे, मध्येच सूट न घेता, शेवटपर्यंत पाहावयाचे. प्रामाणिकपणा हा यातला अवघड भाग होय. कल्पना सर्वांनाच सुचतात.

महाराष्ट्रात या रीतीचा मोठा वारसा आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यांचे विज्जडविड गाव कोणते, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु चाळीसगावजवळील पाटण येथे एक शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हेत) यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून मठ स्थापिल्याची आणि त्यास इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. शाळेला मिळालेले अनुदान दगडात कोरून ठेवण्याची ही पद्धत शिक्षकवर्गास आवडण्यासारखी आहे.

या ग्रंथाच्या गोलाध्यायात प्रश्न येतो, की पृथ्वी कशावर उभी आहे? कोणी म्हणत, तिला आधार आहे. भास्कराचार्य आधार मान्य करून पाहतात. त्या आधाराला दुसरा आधार लागेल, दुसऱ्याला तिसरा, आणि याला अंत नाही. शेवटी कोणता तरी एक स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावेच लागणार; तर मग तो मान पहिल्यानेच पृथ्वीला का देऊ नये? या युक्तिवादात उपकरण नाही, मोजमाप नाही. केवळ समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत चालवून दाखविले आहे. आणि ते आजही टिकते.

दुसरा युक्तिवाद अधिक बोधप्रद आहे, कारण तो टिकत नाही. पृथ्वी आकाशात अखंड खाली पडत आहे, असे एक मत बौद्धांचे म्हणून त्या काळी सांगितले जाई. भास्कराचार्यांनी त्याची थट्टाच केली: वर फेकलेली जड वस्तू परत भूमीवर येते हे डोळ्यांनी पाहूनही असे कसे म्हणता? यामागील विचार असा उलगडून सांगितला जातो. पृथ्वी पडत असती, तर वर सोडलेला बाण तिला कधीच गाठू शकला नसता. कारण जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, आणि पृथ्वी तर सर्वांत जड.

प्रयोग मनातला आहे, मांडणी सुरेख आहे. परंतु तिच्यात एक वाक्य कोणी न तपासता आत घेतले आहे: ‘जड वस्तू वेगाने पडते.’ हे वाक्य केवळ येथलेच नव्हे. ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने तेच शिकविले होते आणि युरोपातील पाठशाळांनी ते शतकानुशतके घोकले. आजही पाचवीच्या वर्गाला विचारले तर बहुतेक हात याच बाजूने वर होतील. आणि मुलांना घरी पाठवून घरच्यांना विचारावयास सांगितले तरी कौल फारसा बदलणार नाही.

या वाक्याचा निकाल गॅलिलिओने लावला तोही प्रथम मनातच. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादग्रंथात तो म्हणतो, मोठा दगड आठ मात्रांच्या वेगाने पडतो आणि लहान दगड चारच्या, असे समजा. आता दोन्ही एकत्र बांधा. लहान दगड हळू पडणारा, म्हणून तो मोठ्याला मागे ओढील. जोडीचा वेग आठाहून कमी होईल. पण जोडी मोठ्या दगडापेक्षाही जड आहे. म्हणून तिचा वेग आठाहून अधिक झाला पाहिजे. एकाच नियमातून दोन परस्परविरुद्ध उत्तरे निघाली; तेव्हा नियमच खोटा. फळ्यावर ही मांडणी पाच मिनिटांत होते आणि वर्गातील हुशार मुलगा त्यानंतर बराच वेळ गप्प बसतो.

पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची गोष्ट पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. ती त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून आली आणि अनेक इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. सायमन स्टेव्हिन या डच अभियंत्याने मात्र १५८६ मध्येच असा प्रयोग छापून प्रसिद्ध केला होता. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट वजनाचा, दोन्ही शिशाचे, उंची सुमारे ३० फूट. खालच्या फळीवर दोहोंचा आवाज एकदमच झाला.

गुहागर तालुक्यात शिशाचे गोळे मिळाले नाहीत तरी चालेल. नारळ आणि सुपारी घरोघर आहेत. सोललेला नारळ एका हातात, सालासकट सुपारी दुसऱ्या हातात, आणि दोन्ही एकाच वेळी उंचावरून सोडावयाची. खाली पत्रा किंवा फळी असावी आणि मूल कोणी नसावे. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवावा, कारण आवाज एक झाला की दोन हे मूलसुद्धा अचूक सांगते. नंतर कागद आणि पुस्तक सोडावे. कागद मागे राहतो. मग तोच कागद पुस्तकाच्या वर ठेवून सोडावा. तो पुस्तकाबरोबर खाली येतो. हवेचा अडथळा हा शब्द त्यानंतर उच्चारावा, आधी नव्हे. १९७१ साली अपोलो १५ मधील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले. तेथे हवा नाही. दोन्ही बरोबरच पडली.

तथापि जड आणि हलके एकाच वेगाने पडते एवढे कळल्याने, पडताना वेग कसा वाढतो ते कळत नाही. त्यासाठी गॅलिलिओने फळीला खोबण पाडली, फळी तिरपी ठेवली, ब्राँझची गोळी घरंगळत सोडली आणि बारीक नळीतून ठिबकलेले पाणी तोलून वेळ मोजला. मनाने वाट मोकळी करून दिली; अंतर हाताने मोजावे लागले.

पुढे न्यूटनने आणखी एक चित्र कल्पिले. अतिउंच पर्वतावर तोफ आहे. गोळा हळू सुटला तर जवळ पडतो, जोरात सुटला तर दूर. जोर वाढवीत नेला तर असा एक वेग येईल, की गोळा जितका पडतो तितकीच पृथ्वीची गोलाई खाली वळते. गोळा पडतच राहतो आणि जमिनीला कधीच लागत नाही. हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये छापले गेले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाच्या स्पुटनिकने तो गोळा प्रत्यक्षात फिरविला, आणि १९ एप्रिल १९७५ रोजी भारताचा पहिला उपग्रह त्याच वाटेने गेला. त्याचे नाव आर्यभट.

येथे त्या जुन्या वादाकडे पुन्हा वळून पाहावे. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो म्हणजे याच अर्थाने तो सतत पृथ्वीकडे पडत असतो. पृथ्वीही सूर्याकडे तशीच पडत आहे, आणि तिच्यावरचे दगड, बाण, माणसे तिच्याबरोबर पडत आहेत. म्हणूनच वर फेकलेला दगड तिच्या ओढीने निर्वेधपणे परत येतो. ज्यांची थट्टा झाली त्यांचे वाक्य, त्यांना अभिप्रेत नसलेल्या अर्थाने का होईना, अगदीच टाकाऊ नव्हते. भास्कराचार्यांचे दुसरे म्हणणे मात्र भक्कम आहे: पृथ्वीच्या अंगी आकर्षणाची शक्ती आहे आणि सभोवार आकाश सारखेच आहे, मग तिने पडावे कोणत्या बाजूला? एवढ्यावरून न्यूटनचा नियम येथे आधीच होता असे वर्गात सांगणे हे आचार्यांच्या थोरवीत भर घालणारे नाही. अंतरागणिक आकर्षण किती घटते याचे माप त्यांनी दिलेले नाही. त्यांनी जे केले ते पुरेसे मोठे आहे. ते जसे आहे तसे सांगावे.

मराठी शाळेत विचारप्रयोगाला एक जागा फार पूर्वीपासून आहे, परंतु ती विज्ञानाच्या तासाला नाही. ती भाषेच्या तासाला आहे: कल्पनाप्रधान निबंध. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘आरसा नसता तर’ हे विषय कित्येक पिढ्यांनी लिहिले. लिहिले म्हणजे बहुधा मार्गदर्शकातून उतरविले. सूर्य न उगवल्याने शाळेला सुट्टी मिळते, चोरांचे फावते आणि शेवटच्या परिच्छेदात आई हाक मारून उठविते. कल्पनेला नियमाचे बंधन नसल्यामुळे ती चार ओळींत थकते. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी विज्ञानकथेत वेगळे करून दाखविले. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत त्यांनी एका माणसाचे डावे-उजवे उलटविले आणि बाकीचे जग जसेच्या तसे ठेवले. एकच गोष्ट बदलावयाची आणि इतर सर्व नियम काटेकोर पाळावयाचे. कथा त्यातूनच फुलते.

हेदवीच्या मुलाने ‘सूर्य नसता तर’ हा निबंध याच शिस्तीने लिहावा. समुद्राला भरती येईल का? येईल, कारण भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते, आणि चंद्र दिसला नाही तरी त्याची ओढ राहील. मग समुद्रावर काहीच फरक पडणार नाही का? ज्याच्या घरी होडी आहे त्या मुलाला उधाण आणि भांग हे शब्द शिकवावे लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व पाणी फार चढते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींस काटकोनात असते व पाणी कमी चढते. सूर्याचा भरतीवरील परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. सूर्य काढून घेतला तर भरती राहील, पण उधाण आणि भांग यांतील हा भेद जवळजवळ नाहीसा होईल. ज्या मुलाला हे सुचले त्याच्या निबंधात शुद्धलेखनाच्या चार चुका असल्या तरी शिक्षकाने तो वर्गात वाचून दाखवावा.

सूर्य काढून पाहता येत नाही. पाणी कोठवर चढले ते मात्र पाहता येते. उतरत्या वाळूवर, लाटांचा मारा कमी असेल अशा जागी, एका ओळीत बांबूच्या खुंट्या ठोकाव्या आणि एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत पाण्याने ओली केलेली वरची खुंटी कोणती, ते मोठ्या माणसाच्या सोबतीने पाहून रोज एका वहीत लिहावे. वहीत तिथी, वार आणि खुंटीचा क्रमांक एवढेच असावे. वाऱ्याच्या दिवशी आकडा बिघडेल. तो खोडू नये, शेजारी ‘वारा होता’ असे लिहावे. आणि महिनाभर काय दिसेल याचा प्रत्येक मुलाने आधीच केलेला अंदाज वहीच्या पहिल्या पानावर, नावानिशी, शाईने लिहून घ्यावा.