फोडलेली बाटली म्हणजे उरलेली लस का?

मी एका उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरणाच्या दिवशी एक प्रश्न हमखास येतो, “ताई, बाटली तर आधीच फोडलेली दिसतेय. आमच्या बाळाला उरलेली देताय का?”

मला राग येत नाही हो. विचारायलाच हवं.

सरकारी केंद्रात बहुतेक लशींच्या एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात. पेंटाव्हॅलंटची बाटली फोडल्यावर नियमाप्रमाणे थंड आणि स्वच्छ ठेवली, तर 28 दिवसांपर्यंत चालते. गोवर-रुबेला आणि बीसीजीचं मात्र तसं नाही. त्यांची पावडर असते, तिच्यात डायल्युएंट मिसळावं लागतं. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते औषध त्यात नसतं. त्यामुळे मिसळल्यापासून जास्तीत जास्त 4 तास, बस्स! डोस उरले तरी टाकायचे. म्हणूनच मी बाटलीवर वेळ लिहिते.

डायल्युएंटही त्याच लशीसोबत आलेलं लागतं. 2014 मध्ये सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या लशीत डायल्युएंटऐवजी चुकून स्नायू सैल करणारं औषध गेलं. 15 मुलं दगावली. लस चांगली होती, चूक मिसळताना झाली. लशीच्या फ्रीजमध्ये दुसरं कुठलंच औषध ठेवायचं नाही, हा आमचा नियम त्यासाठीच आहे.

आता तुम्ही काय बघायचं? बाटलीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट, तर लस चालेल. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर ती बाद. मिसळून दिलेल्या लशीची वेळ विचारा. सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

टोचून झाल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. अर्धा तास थांबा. क्वचित कुणाला त्रास झालाच, तर आम्ही जवळ असतो.

आणि कार्ड! तारीख तिथेच भरून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. ऊसतोडीला किंवा कामासाठी दुसऱ्या गावी गेलात, तर तिथल्या सिस्टरला बाळाचा कुठला डोस राहिलाय हे त्यावरूनच कळतं.

तेव्हा बिनधास्त विचारा. घरात लहान बाळ असलेल्या मित्रमैत्रिणींना हा भाग नक्की पाठवा. भेटूया!