टोपलीतली फळे आणि मुलांची ज्ञानेंद्रिये

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



बालवर्गाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. ‘अ’ अननसाचा, ‘आ’ आंब्याचा. हैदराबादेत वाढलेल्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तो तक्ता तालासुरात म्हटला आहे आणि समोर बसलेल्या अनेकांना तो आजही पाठ असेल. काही वर्षांपूर्वी बालवर्गाच्या बाईंनी एका मुलाला सहज विचारले, “अननस कसा लागतो रे?” मुलगा गोंधळला. त्याने तक्त्याकडे पाहिले, पुन्हा बाईंकडे पाहिले आणि अत्यंत आत्मविश्वासाने उत्तर दिले, “पिवळा.”

उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. चित्रातल्या अननसाजवळ रंगाखेरीज दुसरे आहे काय? त्याला वास नाही, काटेरी साल नाही, जिभेला चुरचुर लावणारा रस नाही. वर्गातल्या कपाटात प्लॅस्टिकची फळेही होती. पण प्लॅस्टिकचे कलिंगड आणि प्लॅस्टिकचे लिंबू यांच्या वजनात फारसा फरक नसतो आणि वास दोघांनाही प्लॅस्टिकचाच येतो. पाच ज्ञानेंद्रिये शिकवण्यासाठी आणलेले साधन एकाच इंद्रियाला पुरत होते. मुले नाकावर बोट ठेवून “हे नाक” म्हणत, कानाला हात लावून “हा कान” म्हणत. परीक्षक खूश होत. नाकाने करायचे काय, हे मात्र कोणी विचारीत नसे.

त्या दिवसापासून प्लॅस्टिकची फळे कपाटात कुलूपबंद झाली आणि वर्गात टोपली आली.

हा विचार नवा नाही. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले, तेव्हा इंद्रियशिक्षणाला त्यांनी पायाचे स्थान दिले. १९३९ ते १९४६ या काळात त्या भारतात होत्या आणि मद्रासच्या अड्यारमध्ये त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई मोडक तेथे गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या, आणि पुढे १९४५ साली त्यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभे केले. माँटेसरींची लाकडी साधने सुबक होती, परंतु महाग होती. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणे शक्य नव्हते. मग शिंपले, बिया, पाने, खडे हेच साधन झाले. फळांची टोपली त्याच घराण्यातली आहे. फरक इतकाच की हे साधन चार दिवसांत नासते, म्हणून दर आठवड्याला नवे आणावे लागते. शिक्षणाच्या दृष्टीने तो तोटा नसून लाभ आहे. शाळेचे वर्ष त्यामुळे ऋतूंशी जोडले जाते. जूनमध्ये जांभळे, दसऱ्याच्या सुमारास सीताफळे, थंडीत पेरू, बोरे आणि आवळे, फाल्गुनात चिंच व कैरी.

आरंभी एक चूक झाली, ती सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मुलाने घरून एक फळ आणावे, असा नियम केला होता. पहिल्याच गुरुवारी काही डब्यांतून चिकटचिठ्ठी लावलेली परदेशी सफरचंदे निघाली, काहींतून एक काळवंडलेले केळे, आणि दोन मुले रिकाम्या हातांनी येऊन दाराशी थांबली. स्पर्श शिकवण्याआधीच वर्ग भलताच धडा शिकून मोकळा झाला होता. दुसऱ्या आठवड्यापासून कोणीही काही आणायचे नाही असे ठरले. मुले रांगेत फाटकाबाहेरच्या गाडीवर जातात, गाडीवाल्या चाचांना विचारून फळे निवडतात आणि पैसे शाळा देते. पिकलेले फळ कसे ओळखावे हे चाचा बोटाने दाबून, हुंगून, कानाशी नेऊन दाखवतात. ज्ञानेंद्रियांचा त्यांच्याएवढा जाणकार शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात सापडणे अवघड.

स्पर्शासाठी कापडी पिशवी वापरली जाते. पिशवीत हात घालायचा, न पाहता फळ ओळखायचे. पूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा प्रयोग झाला होता; तीन-साडेतीन वर्षांची काही मुले त्या अंधाराने रडू लागली. पिशवीत फक्त हात अंधारात जातो, मूल उजेडातच राहते. सीताफळाचे डोळे बोटांना लगेच कळतात. चिकूची साल खरखरीत, पेरूची किंचित खडबडीत, द्राक्षाची गुळगुळीत. चिकू आणि लहानसा बटाटा एकत्र ठेवले तर मोठ्यांचीही फसगत होते. एका पालकसभेत ती झाली होती. नाव सांगण्याची गरज नाही.

कानाचा फळाशी काय संबंध, असा प्रश्न अनेकांना पडतो. पिकलेली चिंच कानाशी हलवून पाहावी: गर आक्रसून टरफलापासून सुटलेला असतो, त्यामुळे ती खुळखुळते, कच्ची चिंच मुकी राहते. नारळातले पाणी बोलते. पेरूचा घास करकर वाजतो, केळ्याचा वाजत नाही. सर्व मुलांनी डोळे मिटून बसावे, एकाने पाठीमागे काहीतरी खावे आणि इतरांनी ओळखावे, या खेळाइतकी शांतता बालवर्गात एरवी कधी नांदत नाही.

नाकाचा धडा एका सर्दीने दिला. चिकू आणि पेर यांच्या साल काढलेल्या फोडी वाटल्या होत्या. एक मुलगा म्हणाला, “दोन्ही सारखेच. नुसते गोड.” तो हट्टी आहे असे प्रथम वाटले, मग त्याचे वाहते नाक दिसले. बाईंनी सगळ्यांनाच नाक चिमटीत धरून फोड खायला लावली आणि चावता चावता नाक सोडायला सांगितले. नाक सुटताच चिकूपण एकदम तोंडात उतरले. ज्याला चव म्हणतात तिचा मोठा भाग हा वास असतो; तो तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात पोहोचतो. हे वाक्य वर्गात कोणी उच्चारले नाही. मुलांनी ते दहा वेळा नाक धरून आणि सोडून वाचले.

डोळे सर्वांत सोपे, असा समज होता. संक्रांतीच्या सुमारास बोरे आणली जातात. मराठी घरांत बोरन्हाण होते, तेलुगू घरांत भोगीला मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात. दोन्हीकडची मुले त्या दिवशी सारखीच खूश असतात. हिरवी बोरे एका वाटीत, लाल दुसऱ्या वाटीत, असे काम दिले होते. एक मुलगा मन लावून करीत होता आणि दर वेळी सरमिसळ होत होती. चित्रकलेत तो पाने तपकिरी रंगवतो म्हणून बोलणीही खात असे. नेत्रतपासणीनंतर कळले की त्याला लाल-हिरव्यातला भेद नीट दिसत नाही. असा दोष जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. आता तो बोरे दाबून निवडतो, आणि त्याचा निवाडा इतरांपेक्षा अचूक असतो.

आता जिभेकडे यावे; खरी कसोटी तेथे लागली.

त्या वर्षी बालवर्गात एक मुलगी होती. आई मराठी, वडील तेलुगू. दिवसभर ती वडिलांच्या आईजवळ, नानम्माजवळ, असे. जूनपासून डिसेंबरपर्यंत ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. मान हलवी, सांगितलेले करी, पण तोंड उघडीत नसे. “हिला मराठी झेपणार नाही” असे मत शिक्षककक्षात हळूहळू तयार झाले. वडिलांनाही तेच वाटू लागले; जवळच्या इंग्रजी शाळेचा अर्ज त्यांनी आणून ठेवला होता. मराठी शाळेच्या पटावरून परप्रांतात एक नाव कमी होणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला सांगावे लागू नये. परंतु शाळेच्या पटापेक्षा मोठी गोष्ट त्या मुलीची होती. वयाच्या चौथ्या वर्षी “हिला जमत नाही” हा शेरा तिच्याबरोबर पुढच्या शाळेत जाणार होता.

त्या आठवड्यात टोपलीत आवळे होते. आवळ्याचा पहिला चावा आंबट, आणि मग जीभ ओढल्यासारखी, कोरडी होते. आपल्याकडच्या षड्रसांत कषाय म्हणजे तुरट ही स्वतंत्र चव मानली आहे. आधुनिक शरीरशास्त्र तुरटपणाला चव न मानता स्पर्शाची संवेदना समजते, कारण त्या वेळी लाळेचा बुळबुळीतपणा नाहीसा होऊन तोंडाला कोरड जाणवते. मुलांना हा वाद ठाऊक नव्हता. बाई एकेकाला विचारीत होत्या. “आंबट,” “आंबट,” “कडू,” “घाण.” जे जाणवत होते त्याला शब्दच मिळत नव्हता, घरी हिंदी-इंग्रजीत वाढणाऱ्या मराठी मुलांजवळही तो नव्हता. तेवढ्यात खालच्या रांगेतून स्पष्ट आवाज आला:

“वगरु.”

वर्ग वळून पाहू लागला. बाई हैदराबादच्याच; तेलुगू त्यांना येते. वगरु म्हणजे तुरट. तीस मुलांत नेमका शब्द त्या एकटीजवळ होता. “मराठीत सांग” असे त्या क्षणी बाई म्हणाल्या असत्या, तर पुढे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. बाई म्हणाल्या, “वगरु! अगदी बरोबर. मराठीत त्यालाच तुरट म्हणतात. सगळ्यांनी म्हणा, वगरु, तुरट.” वर्गाने दोन्ही शब्द म्हटले. मग सर्वांनी पाणी प्यायले आणि आवळ्यावरचे पाणी गोड लागते म्हणून आरडाओरडा झाला. त्यात तिचाही आवाज होता.

घरी जाऊन तिने नानम्माला “तुरट” शिकवला. त्या वर्षी पाडव्याला, म्हणजेच उगादीला, नानम्मांनी वर्गासाठी पचडी करून पाठवली: नवी चिंच, गूळ, कैरी, कडुनिंबाचा मोहोर, मीठ आणि मिरची. सहा रस एका वाटीत. मराठी मुले कडुनिंबाची पाने घेऊन आली होती. इंग्रजी शाळेचा अर्ज भरला गेला नाही. ती मुलगी आज तिसरीत आहे. बोलते अजूनही कमीच. पण जे बोलते ते नेमके असते.

या प्रसंगानंतर टोपलीशेजारी फळ्याचा एक कोपरा राखून ठेवला आहे. फळाचे जे जे नाव मुलांच्या घरी असेल ते तेथे लिहायचे. पेरूपुढे ‘जाम’ आले, तेव्हा मुंबईहून नुकत्याच आलेल्या एका आईने हरकत घेतली. तिच्या लेखी जाम म्हणजे पांढरे, पाणीदार, घंटेच्या आकाराचे फळ. हैदराबादेत जाम मागितला तर पेरूच हातात पडतो. दिल्लीत सीताफळ मागावे तर भोपळा मिळतो. एकच ताडगोळा येथे ‘मुंजल’ होतो. नावे बदलतात आणि फळ तेच राहते, हे मुलांना फळ हातात असल्यामुळेच पटते.

पालकांचा एक प्रश्न दरवर्षी येतो: “खाणेपिणे ठीक आहे, पण अभ्यास कधी?” प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. जे मूल खरखरीत आणि खडबडीत यांतला फरक बोटांनी जाणते, ते ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक पाहायला तयार होत असते. ज्याने तुरट, आंबट, आंबटगोड, पिठूळ, रसाळ हे शब्द जिभेवर ठेवून मिळवले आहेत, त्याच्या निबंधात पुढे ‘छान’ हा एकच शब्द दहा वेळा येणार नाही. मात्र या उपक्रमाला गुण नाहीत आणि नसावेत. एखाद्याला पेरू आवडला नाही, तर ती त्याची चूक नव्हे.

काही सावधगिरी घरी प्रयोग करणाऱ्यांनीही बाळगावी. द्राक्षे लहानग्यांना उभी चिरूनच द्यावीत. अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते. सीताफळाच्या बिया आधी काढाव्यात, त्या चावू देऊ नयेत व त्यांची पूड डोळ्यांजवळ नेऊ नये. आंब्याचा चीक हातांना व ओठांना लागू देऊ नये. कोणत्या मुलाला काय सोसत नाही हे आईला विचारून लिहून ठेवावे. आणि अनोळखी फळ पाहिले की आधी विचारायचे, मगच तोंडात घालायचे, हा नियम मुलांना टोपलीबरोबरच शिकवावा.

राहता राहिले पटांगणातले चिंचेचे झाड. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांनी त्यावर दगड मारून छड्या खाल्ल्या, याची नोंद शाळेच्या दप्तरात नाही. असती तर या स्मरणिकेला स्वतंत्र पुरवणी काढावी लागली असती. आता फेब्रुवारीच्या अखेरीस शिपाईमामा बांबूने चिंचा पाडतात आणि बालवर्ग खाली परकर-ओच्यांत त्या गोळा करतो. प्रत्येक मूल आपली चिंच कानाशी धरून हलवते. खुळखुळली तर टोपलीत, नाही खुळखुळली तर मीठ लावून लगेच तोंडात.