डॉक : गोदी, पिंजरा आणि कापलेला पगार

(नाशिक इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. इंग्रजीवर बोलायला उभा राहिलो म्हणून हसू नका. एकाच शब्दावर बोलणार आहे आणि तो माझ्या पोटाचा शब्द आहे : डॉक. तुमच्या नाशकात गोदा, आमच्या मुंबईत गोदी. मी गोदीत माल उचलतो.

गेल्या पावसाळ्यात ठेकेदाराच्या कारकुनानं माझ्या नावापुढं इंग्रजीत लिहिलं, ‘टू डेज डॉक्ड’. मला वाटलं, डॉकवरचे दोन दिवस जास्तीचे भरले. खूश झालो. पगाराच्या दिवशी कळलं, दोन दिवस कापले. तापानं पडलो होतो त्याचे. कारकून म्हणाला, मॅट्रिक ना रे तू? ते लागलं. फुटपाथवरनं जुनी डिक्शनरी घेतली आणि शब्दाच्या मागंच लागलो.

तर हा एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या घरचे शब्द एका उच्चाराच्या खोलीत कोंबलेत, आपल्या चाळीतल्यासारखे. डिक्शनरी त्यांना आकडे देऊन वेगळं ठेवते. माझा पगार ज्यानं खाल्ला तो शब्द मुळात शेपटीचा. जनावराच्या शेपटीचा मांसल भाग म्हणजे डॉक. मग शेपूट छाटणं, मग काहीही आखूड करणं, शेवटी मजुराची मजुरी. घोड्याकुत्र्याच्या शेपटीवरनं कात्री आपल्यावर आली.

जहाजाचा डॉक वेगळा. तो डच-जर्मन किनाऱ्याकडून इंग्रजीत आला. ओहोटीला जहाज चिखलात बसतं आणि स्वतःच्या वजनानं खड्डा पाडतं, तो खड्डा म्हणजे मूळचा डॉक. मुंबईत हे खड्डे माणसांनी खणले, दगडांनी बांधले. १८८० चा प्रिन्सेस डॉक, १८८८ चा व्हिक्टोरिया डॉक. या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारनंतर ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडालं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं! शेकडो माणसं गेली. तारीख बघा. आपण निळे झेंडे लावतो ती. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. जयंतीच्या मिरवणुकीत मला दरवर्षी ते हमाल आठवतात.

आता हा शब्द आभाळातही गेलाय. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोनं दोन उपग्रह अंतराळात जोडले, त्यालाही डॉकिंगच म्हणतात. आणखी एक डॉक आहे, पाल्याचा. आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. आई डाळीत घालते तो चुका. त्यावर जास्त बोलत नाही, भूक लागते.

कोर्टात आरोपी उभा करतात तोही डॉक. हा फ्लेमिश भाषेतनं आला. तिकडं अर्थ कोंबड्यांचं खुराडं, सशाचा पिंजरा. जाणकार म्हणतात, इंग्रजीत तो आधी चोराचिलटांच्या बोलीत असावा. म्हणजे ज्यांना आत उभं केलं त्यांनीच त्या जागेला खुराडं म्हटलं. न्यायाधीशाला ते कसं सुचणार? मला हे लई आवडलं. मराठीतही आपण आरोपीचा पिंजराच म्हणतो.

आणि नाशिककरांना पिंजरा मी काय सांगू? २ मार्च १९३० ला इथं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढं. मंदिराची दारं बंद. १९३५ पर्यंत लढा चालला. आपल्या आज्या-पणज्यांनी दगड खाल्ले, खटले झेलले, तुरुंग पाहिले. देव गाभाऱ्यात, माणूस पिंजऱ्यात. आणि दार लावणारा? तो मोकळा, घरी जेवत होता. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या खटल्यांचे कागद असतील तर जपा. रद्दीत घालू नका.

मी डिक्शनरी घेऊन त्या कारकुनाकडं गेलो. म्हटलं, यापुढं डॉक लिहू नको. मराठीत लिही : कापले. आणि कशाबद्दल कापले तेही लिही.

म्हणाला, तसा नियम नाही.

म्हटलं, मग कापायचा नियम दाखव.

त्यानं रजिस्टर मिटलं. पुढच्या पगाराला आमची अख्खी टोळी खिडकीपुढं उभी होती, आपापल्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचून घ्यायला. डिक्शनरी माझ्या पिशवीत होती.

जय भीम.