दुबईतले साडेसहा



पुण्यात बसून मी सहा जणांची टीम सांभाळते. दोघे रत्नागिरीत, दोघे मालेगावात, दोघे दुबईत. गेल्या रमजानमध्ये मीटिंग रात्री ८ ला ठेवली. आमचं इफ्तार उरकलेलं असायचं. दुबईतला सहकारी मात्र रोज गप्प. एकदा सगळ्यांसमोर मी त्याला झापलं. तो म्हणाला, "आपा, इथे साडेसहा वाजलेत. आत्ता मगरिबची अजान झाली."

मी स्वतः रोजेदार, आणि दीड तासाचा फरक विसरले! सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली.

आता रोजची मीटिंग बंद. काम कुणाचं, कधीपर्यंत, ठरलं काय, हे लिहून ठेवतो. कोण किती वेळ ऑनलाइन दिसतं ते मी बघत नाही. काम झालं का, ते बघते.

हजरत उमर मदिनेतून दूरदूरचे प्रांत चालवायचे. हजच्या वेळी सुभेदारांना बोलावून लोकांच्या तक्रारी त्यांच्यासमोरच ऐकायचे. आम्हीही महिन्यातून एकदा बसतो. त्या दिवशी टीम बोलते आणि मी ऐकते. पहिली तक्रार माझ्याविरुद्धच होती. रात्री उशिरा मेसेज पाठवणं मी तेव्हापासून सोडलं.