शेवटचे तीन किलोमीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



कवीला लोक बरंच काही विचारतात. बाळाचं नाव काय ठेवावं, लग्नपत्रिकेत कोणत्या ओळी घालाव्यात, नव्या दुकानाचं बारसं कसं करावं. पण मोठी गाडी कोणती घ्यावी, हे मला २०२५च्या दिवाळीआधी पहिल्यांदाच कुणी विचारलं. मी आयुष्यभर स्कूटर चालवली. तीही नीट चालवली, असं घरचे लोक म्हणत नाहीत.

विचारणारा माझा भाचा. बिडकीनच्या पुढे त्यांची शेती आहे. औद्योगिक वसाहतीत काही एकर गेले, मोबदला आला, बरीच वर्षं बँकेत राहिला. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवरचा कर उतरला. आधी कर आणि उपकर मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जात होते, ते चाळीस टक्के झाले. भाच्याला वाटलं, आता घ्यावीच. पण घरात दोन पक्ष पडले. सूनबाईला आरामदायी, दिमाखदार गाडी हवी. भाच्याला चिखलात उतरणारी रांगडी गाडी हवी. आमच्या घरात दखनी बोलतात. भाचा म्हणाला, "मामू, अब तुमच बोलो."

मंडळी, आमच्या शहराला गाड्यांचं वेड नवं नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये, शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हा, इथल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी. देशभर बातमी झाली. मराठवाडा म्हणजे मागास, दुष्काळी, असं ऐकून कान किटले होते, त्याला शहरानं दिलेलं ते उत्तर होतं. मीही तेव्हा खूष झालो होतो, खोटं कशाला बोलू? माझ्या दारात काही आलं नव्हतं, पण गावात वरात निघाली की न बोलावलेला माणूसही गॅलरीत उभा राहतोच.

गंमत अशी, की भाच्याच्या घरातल्या भांडणातल्या दोन्ही गाड्या आमच्या शेजारच्याच निघाल्या. सूनबाईच्या मनातली ऑडी आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली जाते. भाच्याच्या मनातली थार नाशकात तयार होते. एकीच्या किमतीत दुसऱ्या जवळजवळ तीन येतात.

मग मी माझ्या परीनं माहिती गोळा केली. गॅरेजवाल्या मित्राकडे दोन संध्याकाळी बसलो. त्यानं सांगितलं ते असं. दिमाखदार गाडीचं शरीर आणि सांगाडा बहुधा एकच असतो, अंड्याच्या टरफलासारखा. त्यामुळे ती हलकी धावते, वळणावर झुकत नाही, आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलत नाही. रांगड्या गाडीखाली शिडीसारखी लोखंडी चौकट असते आणि वर शरीर बसवलेलं असतं, बैलगाडीच्या साट्यासारखं. ती धक्के खाते आणि आतल्यालाही थोडे देते. पण खड्ड्यात एक चाक लटकलं तरी चौकट डगमगत नाही. शिवाय तिला एक जादा हळू गिअर असतो. वेग बैलाचा, पण ताकद भरपूर. २०२०मध्ये आलेल्या थारच्या तळाखाली २२६ मिलिमीटर जागा आहे, म्हणजे जवळजवळ एक वीत. कंपनीच्या सांगण्यानुसार ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, म्हणजे दीड हाताला थोडं कमी.

मित्रानं एक सावधगिरीही सांगितली. जानेवारी २०२३पासून याच गाडीचा एक स्वस्त प्रकारही मिळतो. त्यात जोर फक्त मागच्या दोन चाकांना. बाहेरून पैलवान, पण आखाड्यात उतरायचा नाही. शेतासाठी घ्यायची तर चारही चाकांना जोर देणारीच घ्या, नाहीतर नुसता फोटो काढा.

हा झगडा तरी कुठे नवा आहे? हे शहर १६१०मध्ये खडकी नावानं वसवलं मलिक अंबरनं. मोगल फौज यायची ती जड तोफखाना, हत्ती, उंच तुर्की घोडे घेऊन. अंबरच्या मराठा स्वारांकडे होती भीमथडीची लहान चणीची तट्टं. दिसायला साधी, पण डोंगर, ओढे आणि कमी दाणावैरण यांची सवय असलेली. घोडा कुठला चांगला, हे वाटेवर ठरायचं.

म्हणून मी भाच्याला गाडीबद्दल विचारायचं सोडून वाटेबद्दल विचारलं. तेव्हा तो गप्प झाला आणि मग एका रात्रीबद्दल बोलला.

ती रात्र मलाही ठाऊक होती, पण त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. भर पावसाळ्यातली. दुल्हेभाईंच्या, म्हणजे त्याच्या अब्बांच्या छातीत कळ आली. शेतावरच्या वस्तीपासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर. मधली वाट काळ्या मातीची. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोणी होते. भाच्यानं त्यांना मोटारीत घातलं. शंभर पावलांवर चाकांना माती लपेटली, चाकं गुळगुळीत झाली, गाडीचं पोट जमिनीला टेकलं. मग शेजाऱ्याला उठवलं. त्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गोणपाटं, त्यावर गादी, गादीवर दुल्हेभाई, आणि माझी आपा पावसात त्यांच्या तोंडावर छत्री धरून बसलेली. डांबरी रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. दुल्हेभाई वाचले. डॉक्टर सहज म्हणाले, "अर्धा तास आधी आला असतात तर बरं झालं असतं."

भाचा म्हणाला, "मामू, तो अर्धा तास मला विकत घ्यायचाय."

सूनबाईचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. दुल्हेभाईंना दर तीन महिन्यांनी तपासणीला पुण्याला न्यावं लागतं. जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटरच्या वर. त्यांचे गुडघे गेलेत, कंबर धरते. उंच गाडीत त्यांना चढवायचं कसं? आणि सहा सहा तास हादरे खात न्यायचं, हा कसला उपचार? तिलाही सासऱ्यांचीच काळजी होती. दोघांना हवं होतं एकच, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

मी दोघांना कॅलेंडरच्या मागे आकडे मांडायला लावले. वर्षात चार वेळा पुणं, म्हणजे अठराशेच्या वर किलोमीटर. चिखलाची वाट तीनच किलोमीटर, तीही पावसाळ्यातले काही आठवडे. किलोमीटर मोजले तर पुणं जिंकत होतं. भीती मोजली तर ते तीन किलोमीटर. माझं गणित तिथंच थांबलं. कवीकडून याहून जास्त अपेक्षा नसावी.

सोडवलं ते दुल्हेभाईंनी. ते कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "पुण्याला भाड्याची चांगली गाडी मिळते, दिवस ठरवून जाता येतं. वस्तीवर रात्री दोन वाजता भाड्याची गाडी कुणी आणत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि जमीन गेलेला पैसा आहे हा. गाडीत सगळा घातला तर दहा वर्षांनी जमीनही नाही अन् गाडीही नाही. त्या रात्री मला ट्रॅक्टरनं काढलं. थोडा पैसा त्या वाटेवर घाला."

पाणंद रस्त्यांसाठी सरकारची योजना आहे. पण वाट दोन शेतांच्या बांधावरून जाते, आणि बांध म्हटला की मराठवाड्यात सख्खे भाऊ बोलेनासे होतात. दुल्हेभाई स्वतः काठी टेकत शेजाऱ्यांकडे गेले. ज्याचा ट्रॅक्टर आला होता, त्यानं पहिली संमती दिली. सगळी वाट झाली नाही. पण जिथं गाडी रुतली होती तो अर्धा किलोमीटर मुरूम आणि खडी टाकून, दाबून घेतला. चारही चाकांना जोर देणारी गाडी काळ्या मातीत चालते, पण तळ टेकला की तीही रुततेच, हे गॅरेजवाल्या मित्रानंही कबूल केलं. मुरमाची वाट मात्र ट्रॅक्टरलाही चालते, सायकललाही, आणि शाळेच्या पोरांनाही.

गाडी आली ती रांगडीच. पाच दारांची, चारही चाकांना जोर असलेली. दुल्हेभाईंचे गुडघे काही नवे झाले नाहीत. ते वजू करायला ज्या लाकडी चौरंगावर बसतात, त्याचा जोड भाच्यानं सुताराकडून करून घेतला. तो गाडीत मागे असतो. दार उघडलं की आधी चौरंग खाली येतो, त्यावर पाय ठेवून दुल्हेभाई वर चढतात, आणि मग सूनबाई चौरंग उचलून परत आत ठेवते.

पुण्याहून आल्यावर कधी कधी ती म्हणते, "मामू, दुसरी गाडी असती तर अब्बांची कंबर दुखली नसती." मी तिला नाही म्हणत नाही. तिचंही खरं आहे.